दिव्याखालचा गारवा

वैशाखातल्या भर दुपारी ज्याने आपल्या पाणचक्कीचा आश्रय घेतला असेल, त्याला तेथील गारव्याचे वर्णन निराळे सांगावयास नको. हर्सूलच्या बाजूने मातीच्या नळांतून आणलेले पाणी तेथे उंचावरून पडे आणि त्याच्या जोरावर जात्याचा दगड फिरे. धान्य दळणे हे त्या योजनेचे उघड काम. परंतु हौदाच्या तळाखाली जे प्रशस्त दालन आहे, त्यात शिरताच अंगाला गारवा लागतो. चक्कीबरोबर थंडावाही आला. हा थंडावा फुकटचा आहे काय? तसे नाही. वरचे पाणी दालनातील उष्णता आपल्याबरोबर घेऊन जाते, एवढाच त्याचा अर्थ. कोठे गार झाले की दुसरीकडे कोठे तरी त्याची भरपाई झालेलीच असते. निसर्गाच्या खातेवहीत जमा-खर्च जुळल्यावाचून पान उलटत नाही.

या व्याख्यानासाठी आम्ही जो विषय निवडला, तो याच गारव्याच्या जातीचा आहे. मात्र तो पाण्याचा नसून विजेचा आहे. प्रयोगशाळेत एखादा विद्यार्थी दिव्याचे विद्युन्मंडल जुळवितो. दिवा लागतो. मंडलातील तार, सांधा, दिवा, सारे थोडेफार तापावे, ही सर्वांचीच अपेक्षा. पण एका सांध्याजवळ ठेवलेला तापमापक उलट खाली उतरतो. विद्यार्थी गोंधळतो. अशा वेळी त्याच्यापुढे दोन सोपे मार्ग असतात. पहिला, तो आकडा खोडून तेथे ‘योग्य’ आकडा लिहावयाचा. दुसरा, चमत्कार झाला म्हणून दवंडी पिटावयाची. आम्हांस येथे कबूल केले पाहिजे की आमच्या विद्यार्थिदशेत आम्ही पहिलाच मार्ग अनेकदा धरला. प्रयोगाचे उत्तर पुस्तकात अगोदरच छापलेले. मग नोंदवहीतील आकडे त्याला जुळवून घेण्यास कितीसा वेळ लागतो? त्या खोडलेल्या आकड्यांपैकी बहुतेक आमच्या हाताच्या चुका असतील, यात शंका नाही. पण सगळेच होते काय, हे आता कधीच कळावयाचे नाही. ही रुखरुख हेच आजच्या विषयाचे निमित्त होय.

प्रथम, दिव्याचे मंडल तापावे असे आपण का मानतो? याचे उत्तर मँचेस्टरजवळ मद्याच्या कारखानदाराच्या घरात वाढलेल्या जेम्स जूलने १८४० च्या सुमारास दिले. तारेतून प्रवाह गेला की उष्णता निर्माण होते, आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. शिवाय प्रवाह डावीकडून गेला काय किंवा उजवीकडून गेला काय, तार तापावयाचीच. तप्त तारेचा जुना बल्ब म्हणजे या नियमाचा मूर्तिमंत नमुना. त्यात खर्च होणाऱ्या विजेपैकी जेमतेम विसाव्या भागाच्या आसपास दृश्य प्रकाश मिळतो. बाकीची बहुतेक उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. या गोष्टीचे महत्त्व आपल्या जिल्ह्याइतके थोड्यांना कळले असेल. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रे मातीच्या गिलाव्यावर काढलेली. उजेडावाचून ती दिसत नाहीत आणि उष्ण उजेड त्यांना मानवत नाही. पांढऱ्या कापडावरून अथवा चकचकीत पत्र्यावरून उन्हाचा कवडसा आत सोडण्याची जी रीत तेथे होती, ती निव्वळ गरिबीची नव्हती. प्रकाश हवा पण ताप नको, ही मागणी आपल्या भूमीला नवी नाही.

जूलच्या अगोदरच मात्र एका माणसाने या चित्रातील उणीव पाहिली होती. त्याची कथा सांगण्यापूर्वी बर्लिनमध्ये डोकावले पाहिजे. १८२१ साली तेथे थॉमस झीबेक याने दोन निराळ्या धातूंच्या पट्ट्या टोकांशी जोडून वळे केले आणि एक सांधा तापविला. जवळची चुंबकसूची हलली. झीबेकला वाटले की उष्णतेने धातूत चुंबकत्व आले. वस्तुतः त्या वळ्यातून विद्युतप्रवाह वाहू लागला होता. शोध खरा, पण शोधकाचा अर्थ चुकलेला! विज्ञानाच्या इतिहासात असे वारंवार घडते आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. झीबेकने सूची हललेली नोंदविली, हेच मोठे. अर्थ लावणारे मागून आले.

त्यानंतर तेरा वर्षांनी, १८३४ साली, पॅरिसमध्ये जाँ शार्ल पेल्तिए याने उलटा प्रश्न विचारला. हा गृहस्थ पेशाने घड्याळजी. थोडी संपत्ती हाती आल्यावर तिशीत त्याने धंदा सोडला आणि उरलेले आयुष्य विज्ञानाच्या नादात घालविले. घड्याळजीचा हात व डोळा मात्र सुटला नाही. प्रवाह वाहत असताना तारेच्या निरनिराळ्या ठिकाणी तापमान किती असते, हे तो बारकाईने मोजू लागला. बिस्मथ आणि अँटिमनी या धातूंच्या सांध्याशी येताच त्याला विलक्षण आकडे मिळाले. प्रवाह एका दिशेने सोडला तर सांधा अपेक्षेपेक्षा अधिक तापे. उलट दिशेने सोडला तर तो चक्क थंड होई.

पेल्तिएने पुढे जे केले ते आमच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे. त्याचे पहिले मोजमाप धातूंच्या सांध्यांच्याच बनविलेल्या चिमट्याने झाले होते. ज्या गोष्टीविषयी शंका, तिच्यानेच मोजणे म्हणजे आरोपीलाच साक्षीला उभे करणे होय. म्हणून त्याने सांधा हवेच्या तापमापकात बसविला. त्या उपकरणात हवा प्रसरण पावते की आकुंचन पावते एवढेच पाहावयाचे. विजेचा तेथे संबंध नाही. हवा आकुंचन पावली. थंडावा खरा होता. कारण सांगताना मात्र पेल्तिएही घसरला. धातूंच्या वाहकतेतील फरकात तो उत्तर शोधीत राहिला आणि झीबेकच्या शोधाशी आपल्या शोधाचे सख्खे नाते आहे, हे त्याला उमगले नाही.

शंका अजून पुरती फिटली नव्हती. ती फिटविली १८३८ साली सेंट पीटर्सबर्ग येथे एमिल लेंत्स याने, आणि इतक्या साध्या रीतीने की शाळकरी मुलालाही ती समजावी. बिस्मथ व अँटिमनी यांच्या सांध्यावर त्याने एक लहानशी खळगी केली आणि तीत पाण्याचा थेंब ठेवला. प्रवाह एका दिशेने सोडला, थेंब गोठला. प्रवाहाची दिशा बदलली; बर्फ वितळला. तापमापकाशी वाद घालता येतो, बर्फाशी घालता येत नाही! या प्रयोगातील खरी किमया दिशा बदलण्यात आहे. वारा, ओलावा, हाताचा स्पर्श, खोलीतील बदल, यांपैकी कशामुळेही सांधा थंड झाला असता, तर प्रवाहाची दिशा उलटताच तो तापावयास लागला नसता.

मग जूलचा नियम खोटा ठरला काय? मुळीच नाही. विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झालेला शास्त्रज्ञ, याने १८५१ ते १८५४ या काळात झीबेक आणि पेल्तिए यांच्या शोधांना एका सूत्रात बांधले. ही एकाच नाण्याच्या दोन बाजू ठरल्या. उष्णतेच्या फरकातून वीज मिळते, तर विजेने उष्णता एका सांध्याकडून दुसऱ्याकडे वाहून नेता येते. एक सांधा थंड होतो तेव्हा दुसरा तापतो. उष्णता नाहीशी झालेली नसते. तिने फक्त बिऱ्हाड बदललेले असते.

पण मग साध्या मंडलात हा थंडावा नेहमी का दिसत नाही? येथे थोडे गणित मांडू. ते अंगणवाडीतल्या पाढ्यांपलीकडचे नाही. पेल्तिएचा थंडावा प्रवाहाच्या सरळ प्रमाणात वाढतो; जूलची उष्णता वर्गाच्या प्रमाणात. सोयीसाठी समजा की प्रवाह १ असता थंडावा ४ आणि उष्णता १ आहे. तीन घटकांचा थंडावा शिल्लक राहील. प्रवाह २ केला तर थंडावा ८ आणि उष्णता ४; शिल्लक ४. प्रवाह ३ केला तर १२ आणि ९. शिल्लक पुन्हा ३. प्रवाह ४ झाला की १६ आणि १६, शिल्लक शून्य. आणि ५ झाला की २० विरुद्ध २५; सांधा तापू लागला! ज्याने प्रथमपासून पाचाचाच प्रवाह सोडला, त्याला थंडाव्याची वार्ताही लागणार नाही. जो प्रवाह कमी करीत गेला, त्यालाच ती लागेल. काही गोष्टी जोर वाढविल्याने कळत नाहीत, जोर आवरल्याने कळतात. हे सूत्र वाचकांनी जवळ बाळगावे; शेवटी ते पुन्हा लागणार आहे.

इथवर सांध्याची गोष्ट झाली. आता प्रत्यक्ष दिव्याकडे वळू. १९०७ साली हेन्री राऊंड या इंग्रज अभियंत्याने कार्बोरंडमच्या स्फटिकाला विजेची टोके लावली असता त्यातून पिवळसर उजेड निघाल्याची एक लहानशी टीप छापली. पुढे सोव्हिएत रशियात निझनी नोव्हगोरोदच्या रेडिओ प्रयोगशाळेत ओलेग लोसेव या तरुणाने १९२० नंतरच्या दशकात या उजेडाचा पिच्छा पुरविला. स्फटिक तापून लाल झाला म्हणून तो प्रकाशतो काय, हा पहिला प्रश्न. लोसेवने प्रकाशणाऱ्या स्फटिकावर चटकन उडून जाणाऱ्या बेंझीनचा थेंब ठेवला आणि तो किती वेगाने उडतो ते पाहिले. उजेड असताना थेंब अधिक वेगाने उडाला नाही. म्हणजे हा उजेड तापाचा नव्हता. लेंत्सचा पाण्याचा थेंब आणि लोसेवचा बेंझीनचा थेंब, दोघेही न्यायासनावर शोभावेत असे साक्षीदार! आज आपल्या घराघरांत जे एलईडी दिवे लागतात, त्यांचा हा पूर्वज. लोसेव मात्र त्यांचा उजेड पाहण्यास राहिला नाही. लेनिनग्राडच्या वेढ्यात १९४२ च्या जानेवारीत, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, उपासमारीने त्याचा अंत झाला. त्याच्या नोंदी राहिल्या, कारण त्याने त्या खोडल्या नव्हत्या.

दिवा न तापता प्रकाशतो, इथवर ठीक. पण प्रकाशता प्रकाशता तो थंडही होऊ शकेल काय? हा प्रश्न प्रथम विजेच्या नव्हे, प्रकाशाच्या अभ्यासकांनी विचारला. १९२८ साली कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखविले की पदार्थावर पडलेला प्रकाश विखुरताना त्याचा काही भाग रेणूंच्या कंपनांतून ऊर्जा उचलून, आला होता त्याहून अधिक बलवान होऊन बाहेर पडतो. दुसऱ्याच वर्षी पेटर प्रिंग्सहाइम याने सुचविले की एखादा पदार्थ अशा रीतीने आपली उष्णता प्रकाशाच्या हवाली करीत गेला, तर तो थंड व्हावयास हवा. सेर्गेई वाव्हिलोव्ह याने यास हरकत घेतली. उष्णतेचे असे सरळ प्रकाशात रूपांतर होऊ लागले, तर उष्णताशास्त्राचा दुसरा नियम कोसळेल, असे त्याचे म्हणणे. हरकत पोकळ नव्हती. ज्या नियमावर सारी यंत्रे उभी आहेत, त्याची ती राखण होती. १९४६ साली लेव्ह लांडाउ याने वादाचा निकाल लावला. प्रकाश केवळ ऊर्जा नेत नाही. चारी दिशांना विखुरताना तो पदार्थातील अव्यवस्थाही बरोबर नेतो. तिचा हिशेब धरला म्हणजे दुसरा नियम अबाधित राहतो आणि थंडावाही शक्य ठरतो.

हे समजावयास आपला माठ पुरेसा आहे. माठातील पाण्याचे सर्वांत चपळ कण वाफ होऊन निघून जातात. मागे राहिलेले पाणी त्यामुळे गार होते. एलईडीतील विद्युत्कणांनाही एक बांध ओलांडावा लागतो. विजेचा रेटा अपुरा पडला, तर स्फटिकाच्या उष्णतेने ज्यांना उसळी मिळाली असे थोडे कण तो ओलांडतात आणि पलीकडे प्रकाश देऊन मोकळे होतात. त्या प्रकाशात विजेचा पैसा थोडा आणि स्फटिकाच्या उष्णतेचा पैसा अधिक. प्रकाश ही जणू त्या दिव्याची वाफ होय. आणि दमट हवेत माठ जसा गार होत नाही, तसे या दिव्याचेही आहे. बाहेर जितके जाते तितकेच आत येऊ लागले की थंडावा संपला.

तत्त्व पटले, तरी प्रत्यक्ष दिवा सापडावयास बरीच वर्षे लागली. १९५३ साली लेहोवेट्स व त्याचे सहकारी यांना सिलिकॉन कार्बाइडच्या दिव्यात स्फटिकाच्या उष्णतेचा हात असावा असा संशय आला. १९५७ साली यान टाउत्स याने ती कल्पना सिद्धांतरूपाने मांडली. १९६४ साली दूसमानिस व सहकारी यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या डायोडमधून निघणाऱ्या प्रकाशकणाची सरासरी ऊर्जा विजेने पुरविलेल्या ऊर्जेहून सुमारे तीन टक्क्यांनी अधिक असल्याचे दाखविले. परंतु प्रत्येक विद्युत्कण प्रकाश देतोच असे नाही. कित्येक वाटेतच आपली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सांडतात. त्यामुळे दिवा एकंदरीत तापतच राहिला.

अखेर २०१२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे पार्थिबन संथानम, डॉड ग्रे आणि राजीव राम यांनी जे केले, ते ऐकून पेल्तिए हसला असता. त्यांनी रेटा वाढविला नाही. तो कमी कमी करीत नेला. व्होल्टेज अगदी अल्प झाले म्हणजे दिव्याला लागणारी वीज वर्गाच्या प्रमाणात घटते आणि प्रकाश सरळ प्रमाणात घटतो. व्होल्टेज निम्मे केले तर खर्च चौथाई होतो, प्रकाश मात्र निम्माच होतो. तोच सरळ आणि वर्गाचा हिशेब, १८३४ साली बिस्मथच्या सांध्यात दडलेला! दिवा १३५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ठेवला होता. त्याला ३० पिकोवॅट वीज दिली आणि त्यातून ६९ पिकोवॅट प्रकाश मोजला गेला. वरचे ३९ पिकोवॅट स्फटिकाच्या उष्णतेतून आले.

दिलेल्याच्या दुपटीहून अधिक मिळाले, हे ऐकताच कोणाचेही कान टवकारतील. म्हणून आकडा तपासून घेऊ. पिकोवॅट म्हणजे एका वॅटचा एक लाख कोटीवा भाग. एक वॅट प्रकाश मिळवावयास असे चौदाशे कोटींहून अधिक दिवे लागतील. शिवाय तो प्रकाश अवरक्त, डोळ्यांस न दिसणारा. आणि दिवा १३५ अंशांवर राखावयास लागलेली उष्णता निराळी. तो थंडावा हाताला कळण्याजोगा नव्हता. तो जमाखर्चाच्या वहीत दिसला. त्याने घरचे बिल कमी झाले नाही. पण ‘दिवा म्हटला की तापलाच पाहिजे’ ही समजूत कायमची गेली, आणि ती गेली तीही ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम पाळून.

हे आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगतो. विजेची टंचाई जेथे अनुभवली गेली, तेथे ‘इंधनावाचून वीज’ विकणाऱ्यांचा बाजार नेहमीच भरतो. आमच्या मंडलात तारा थंड राहतात, म्हणून ही निराळीच वीज आहे, असे सांगणारे देशोदेशी होऊन गेले. त्यांच्याशी वाद घालावयास मोठी विद्वत्ता लागत नाही. या इतिहासातील चार कारागिरांचे चार प्रश्न पुरेत. दुसऱ्या जातीच्या उपकरणाने मोजले काय? हा पेल्तिएचा प्रश्न. प्रवाहाची दिशा उलटवून पाहिली काय? हा लेंत्सचा. एखाद्या थेंबासारखा तटस्थ साक्षीदार आणला काय? हा लोसेवचा. आणि गेलेली उष्णता कोठे गेली, याचा हिशेब दिला काय? हा लांडाउचा. ज्याच्याजवळ या चारांची उत्तरे आहेत, त्याचे म्हणणे कितीही नवलाचे असो, ऐकून घ्यावे. ज्याच्याजवळ नाहीत, त्याला पैसे देऊ नयेत.

हेच चार प्रश्न त्या गोंधळलेल्या विद्यार्थ्यालाही लागू आहेत. बहुधा त्याचा तापमापक पंख्याच्या वाऱ्यात सापडला असेल, किंवा सांध्यावर ओल राहिली असेल. तसे निघाले तर त्याची चूक त्याला कळली, हाही लाभच. पण आकडा खोडला, तर चूकही कळणार नाही आणि शोधही लागणार नाही. मराठवाड्याला प्रयोगशाळा फार उशिरा मिळाल्या. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय येथे सुरू झाले, १९५८ साली विद्यापीठ आले, १९६० साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय. त्याआधीच्या कित्येक पिढ्यांना तापमापक हाती धरावयासही मिळाला नाही. अशा भूमीत एका विद्यार्थ्याची एक प्रामाणिक नोंद ही लहान गोष्ट नव्हे.

बाबासाहेबांच्या त्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव आहे. मिलिंद राजाची कीर्ती त्याच्या उत्तरांसाठी नाही. नागसेन भिक्षूला त्याने न कंटाळता प्रश्न विचारले, म्हणून तो दोन हजार वर्षे लोकांच्या स्मरणात राहिला. दिव्याखाली अंधार असतो, अशी आपल्याकडे म्हण आहे. क्वचित त्या अंधारात गारवाही असतो. तो हाताला लागला, तर हात झटकन मागे घेऊ नये आणि हात जोडूही नयेत. वही उघडावी, आकडा जसाच्या तसा लिहावा आणि मग विचारावे, ही उष्णता गेली कोठे?